चाळीसगावचा टांगा आणि दारातली मोटार

वाहनात कोण बसतो, ते कोण हाकतो आणि त्याच्या चाकाखाली कोण शिरतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून समाजाची रचना कळते. इतिहासाच्या तासाला हे सांगताना मी नेहमी चाळीसगावचा दाखला देतो. 1929 साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी समितीच्या कामासाठी खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. आपल्या पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी यावे, हे त्यांना मान्य नव्हते. पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

सन्मानाची जाणीव होती, वाहनही होते; ते चालवण्याची विद्या मात्र जातिव्यवस्थेने त्या हातांपर्यंत पोहोचू दिली नव्हती. आज आपल्या पुष्कळ घरांसमोर मोटार उभी आहे. तिची विद्या आपल्या हाती आली आहे काय?

माझी नोकरी नांदेडची आणि गाव लातूरकडचे. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता वर्षानुवर्षे पायाखालचा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. त्या लाटांचा मार आमची जुनी अल्टो सोसत आली. गेल्या वर्षी पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यागणिक खटखट आवाज येऊ लागला, टायर आतल्या कडेने झिजू लागला.

आपल्याच विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी आयटीआय करून गाड्यांचे काम करतो. त्याला विचारले, तर म्हणाला, "सर, रविवारी येतो. काम तुमच्याच हाताने करू." त्या दिवशी तो गुरू झाला आणि मी विद्यार्थी.

पहिला धडा निदानाचा होता. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. ती झुलतच राहिली, तर शॉकअप थकला असे समजावे. आमचा शॉकअप ठीक होता. मग मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच सैल केले आणि गाडी जॅकवर उचलली. लगेच लोखंडी स्टँड खाली लावला. "सर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जायचं नाही," हे त्याने दोनदा बजावले. चाक वर आणि खाली धरून हलवले, तेव्हा बॉल जॉइंटमधली ढिलाई हाताला जाणवली. लोअर आर्मच्या बुशचे रबरही चिरले होते.

बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खुबा. तो पूर्ण झिजून निखळला, तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंग निरुपयोगी होते. आतली सगळी माणसे त्या मुठीएवढ्या सांध्यावर विसंबून असतात.

आम्ही दोन्ही बाजूंचे लोअर आर्म नव्या बुश आणि बॉल जॉइंटसह बदलले. गंजलेल्या बोल्टांनी तासभर दमवले. स्प्रिंगला मात्र हात लावला नाही. दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाविना सोडवणे जिवावर बेतू शकते. बुशचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे आवळायला लावले. चाक लोंबकळत असताना ते आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतली.

माझे वडील सालगडी होते. त्यांचे हात मळले ते त्यांच्या निवडीने नव्हे. म्हणून आमच्या पिढीला पुस्तक मिळाले, तेव्हा मळलेल्या हातांपासून दूर जाणे हीच मुक्ती वाटली, आणि ते योग्यच होते. मात्र बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन'मध्ये दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. दोष श्रमांत नव्हता. ते जन्माने लादण्यात होता. शिकलेल्या माणसाने स्वेच्छेने पाना हाती घेतला, तर त्याचे शिक्षण कमी होत नाही. उलट, ग्रीस लागलेल्या हातांना आपणच कमी लेखू लागलो, तर जुनी उतरंड आपल्याच अंगणात पुन्हा उभी राहील.

म्हणून विद्यालयाच्या हितचिंतकांना एक विनंती. स्मरणिका निघाली, सत्कार झाले. आता वसतिगृहाजवळ एक छोटी कार्यशाळा व्हावी. तिथे जॅक, स्टँड, पान्यांचा एक संच आणि एखादी जुनी गाडी असावी. महिन्यातून एका रविवारी आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी मेकॅनिक, कुणी वायरमन, कुणी फिटर यांनी तिथे यावे आणि मुलामुलींना शिकवावे. मुले त्यांनाही 'सर' म्हणतील. पान्यांचा पहिला संच माझ्याकडून.

जय भीम!