पुस्तकांतला शरद आणि रानांतला शरद

गेल्या आश्विनांतली गोष्ट. सकाळची पूजा आटोपून आम्ही झोपाळ्यावर पंचांग चाळीत बसलों होतों. इतक्यांत धाकट्या चिरंजीवांचा मुलगा, वय वर्षें आठ, शाळा इंग्रजी माध्यमाची, कात्री, डिंक व रंगीत कागद घेऊन आमच्या पायांशीं येऊन बसला. वर्गाच्या भिंतीवर लावण्याकरितां प्रत्येकानें पांच पांच पानें कापून न्यावयाचीं होतीं. पानें नारिंगी, तांबडीं व पिंवळीं. आकार पसरलेल्या पंजासारखा. झाड मेपल नांवाचें. आणि खालीं 'ऑटम' हा शब्द. चार पानें कापून झाल्यावर त्यानें मान वर केली आणि विचारलें, “आजोबा, आपल्या अंगणांत हीं पानें कधीं पडणार?”

अंगणांत त्या वेळीं पारिजातकाचा सडा पडला होता आणि शेजारच्या आंब्याचें एकहि पान पिंवळें नव्हतें. प्रश्न लहानसाच, परंतु तो ऐकून आमच्या हातांतलें पंचांग तसेंच राहिलें. कारण सुमारें ३५ वर्षांपूर्वीं हाच प्रश्न दुसऱ्या एका मुलानें आम्हांस विचारला होता, आणि त्याला तेव्हां आम्हीं जें उत्तर दिलें त्याची लाज अद्यापि गेलेली नाहीं.

आम्ही त्या काळीं मावळांतील एका शाळेंत भाषा शिकवीत होतों. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत कांहीं वर्षें काव्य व व्याकरण घोकलें, एवढीच पुंजी. सातवीच्या वर्गांत ५८ मुलें, आठवड्यास ३६ तास, मराठी व इंग्रजी दोन्ही आमच्याकडे. शिवाय वह्यांचे ढीग घरीं येत ते निराळेच. अशा धांवपळींत शिक्षकाला पुस्तक हा मोठा आधार वाटतो, आणि हळूहळू तो आधाराच्या ठिकाणीं मालक होऊन बसतो. इंग्रजी वाचनपाठांत ऋतूंचें वर्णन होतें. ऑटम म्हणजे शरद, आणि ऑटममध्यें पानें गळतात. सबब शरदांत पानें गळतात, असें सरळ गणित आम्हीं फळ्यावर मांडलें. मागच्या बांकावरून एक शेतकऱ्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, आमच्या रानात तर आत्ता समदं हिरवं हाये. पानं शिमग्याच्या टायमाला गळत्यात.”

तो म्हणाला तें अक्षरशः खरें होतें. खिडकीबाहेर भात पोटरींतून बाहेर पडून लोंब्यांनीं वांकलें होतें, आणि डोंगराचे उतार सोनकीच्या फुलांनीं पिंवळे झाले होते. परंतु घंटा व्हावयास चार मिनिटें उरलीं होतीं आणि पाठ संपवावयाचा होता. आम्ही म्हणालों, “पुस्तकांत आहे तेंच लिही.” वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला.

सहामाही परीक्षेंत आम्हीं मराठीच्या पत्रिकेंत शरद ऋतूवर निबंध घातला. त्या मुलाची वही आम्ही शाळेच्या आवारांतल्या उंबराखालीं बसून तपासली. त्यानें लिहिलें होतें कीं शरदांत आमच्या गांवीं झाडांचीं पानें तांबडीं होऊन गळून पडतात व सगळीकडे थंडी असते. भाषा शुद्ध, अक्षर नेटकें. आमच्या डोक्यावर उंबर हिरवागार होता आणि अंगाला आश्विनाच्या उन्हाचे चटके बसत होते. त्या मुलानें आमची आज्ञा पाळली होती. आम्हीं त्याला पूर्ण गुण दिले. न देण्यास तोंड नव्हतें. मात्र त्या दिवसानंतर त्यानें वर्गांत एकहि प्रश्न विचारला नाहीं.

शिक्षकाच्या हातून चुका पुष्कळ होतात आणि बहुतेक विसरूनहि जातात. ही चूक विसरतां आली नाहीं, कारण ती रोज सकाळीं मागच्या बांकावर मुकाट्यानें बसलेली दिसे. वाचतांना त्या मुलाचा स्वर अडखळत नसे. पण वाचलेलें त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहात नाहीं हें ऐकतांच कळे. मग ध्यानांत आलें कीं ५८ पैकीं बहुतेकांचें वाचन असेंच आहे. अक्षरें येतात, अक्षरांपलीकडचें जग पुस्तकाबाहेर ठेवूनच मुलें वर्गांत पाऊल टाकतात, आणि तें बाहेर ठेवावयास आम्हींच त्यांना शिकविलें आहे.

पुढल्या आश्विनांत आम्हीं क्रम बदलला. पुस्तक मिटून ठेविलें आणि मुलांस सांगितलें, “उद्यां येतांना वाटेंत दिसेल ती या दिवसांतली एक एक वस्तु आणा.” दुसऱ्या दिवशीं टेबलावर जागा उरली नाहीं. पारिजातकाचीं फुलें, काशाचे पांढरे तुरे, झेंडू, सोनकी, कोळ्याचें जाळें अडकलेली काटकी, परिटाचें एक पीस. तो शेपटी हालविणारा चिमुकला पक्षी पावसाळा सरतांना आपल्याकडे येतो. संस्कृत कवींनीं ज्याला खंजन म्हटलें तोच हा, हें आम्ही पाठशाळेंत घोकून होतों, पण त्याचें पीस हातांत धरण्याचा योग त्या दिवशींच आला. वस्तु आणणाऱ्यानें तिचें घरीं बोलतात तेंच नांव सांगावयाचें. आम्हीं तें फळ्यावर लिहावयाचें. मग साऱ्या वर्गानें ती यादी वाचावयाची. जीं मुलें धड्यांतली ओळ वाचतांना घाम पुसत, तीं ही यादी न अडखळतां वाचूं लागलीं. कारण शब्द त्यांचे होते.

त्या मुलानें भाताच्या दोन लोंब्या आणल्या होत्या. आम्ही विचारलें, “दोन कां?” त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि अगदीं हळू विचारलें, “गुरुजी, आधी सांगा, पुस्तकात काय लिवलंय?”

हें वाक्य आम्ही मरेपर्यंत विसरणार नाहीं. आम्हीं सर्व वर्गासमक्ष सांगितलें कीं गेल्या वर्षीं तूं बरोबर होतास आणि आम्ही चुकलों होतों. पुस्तकांत लोंब्यांविषयीं कांहींच नाहीं, तेव्हां तें आतां तूंच सांग. त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानें सांगितलें कीं एक लोंबी हळव्या भाताची व दुसरी गरव्याची. हळवें दिवाळीच्या आधीं कापणीस येतें, गरवें मागाहून. दोहोंच्या मध्यें निमगरवें. कापणी, उडवी, खळें, झोडणी हे शब्द त्यानें एकामागून एक सांगितले व आम्हीं ते फळ्यावर उतरून घेतले. त्या तासाला शिक्षक तो होता आणि विद्यार्थी आम्ही.

याच यादीवरून पुढचें वाचन निघालें. रामायणाच्या किष्किंधाकांडांत वर्षाकाळाचें व त्यानंतर शरदाचें वर्णन आहे. पाऊस असेपर्यंत राम डोंगरावर थांबून राहतो, आणि आकाश निवळल्यावरहि सुग्रीव हालत नाहीं असें पाहून लक्ष्मणाला त्याच्याकडे धाडतो. ही कथा सोप्या मराठींत उतरून आम्हीं मुलांस वाचावयास दिली. “राम चार महिने कां थांबला?” या प्रश्नाचें उत्तर एकाहि मुलाला शोधावें लागलें नाहीं. ज्यांच्या गांवची वाट श्रावणांत गुडघाभर चिखलांत बुडते, त्यांना सैन्य कां हालत नाहीं हें सांगावें लागत नाहीं. दसऱ्याचें सीमोल्लंघनहि त्यांस त्याच उत्तरांत सांपडलें. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघु दिग्विजयास निघतो तो शरदांतच, आणि अगस्त्याच्या उदयानें पाणी निवळतें असें कालिदास तेथें सांगतो. मुलांनीं ओढ्याचें पाणी कांचेच्या पेल्यांत आणून पाहिलें. आणि पहांटे उठून दक्षिणेकडे क्षितिजालगत चमकणारा अगस्त्य ज्यानें पाहिला, तो दुसरे दिवशीं त्याविषयीं चार ओळी लिहून घेऊन आला.

हस्त नक्षत्र लागलें कीं मुलींचा भोंडला सुरू होई. मध्यें पाटावर हत्तीचें चित्र, भोंवतीं फेर. या गाण्यांइतकें उत्तम वाचनसाहित्य आम्हांस दुसरें आढळलें नाहीं. सुनेनें माहेरीं जाण्याची परवानगी मागावी आणि सासरच्या प्रत्येकानें दुसऱ्याकडे बोट दाखवावें, असें जें गाणें आहे त्याच्या ओळी आम्हीं कागदाच्या पट्ट्यांवर लिहिल्या, पट्ट्या पिसल्या आणि वाटल्या. आपली ओळ कोणाची व कोणाच्या मागून येते हें ज्यानें त्यानें वाचून ओळखावयाचें आणि रांगेंत उभें राहावयाचें. गाणें पाठ असल्यानें चूक झाली तर कान सांगत. अक्षर ओळखण्यास डोळे लागत. ज्या मुलीला जोडाक्षरांची भीति वाटे ती या खेळांत कधीं भ्याली नाहीं. सासूची ओळ मुलांपैकीं कोणाच्या वांट्यास आली म्हणजे जो हंशा पिके तो निराळाच.

नवरात्रांत सरस्वतीचें आवाहन झालें म्हणजे पुस्तकें पूजेंत जातात व वाचन बंद होतें. वाचन शिकविणाऱ्याला ही सुटी प्रथम अडचणीची वाटे. पुढें तिचाहि उपयोग दिसला. पाटीवर एकाचे आंकडे मांडून सरस्वती काढावयाची, आणि पुस्तकें बाहेर निघालीं कीं प्रथम कोणतें पान वाचणार तें प्रत्येकानें आधींच ठरवून ठेवावयाचें. हाताशीं असलेलें पुस्तक तीन दिवस वाचतां येत नाहीं, एवढ्यानेंच त्याची किंमत कशी वाढते तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. कोजागिरीला दूध आटेपर्यंत चांदण्यांत वाचण्याची पैज लागे. वर्तमानपत्राचे मोठे मथळे बहुतेकांस वाचतां येत. बारीक मजकूर कोणालाच साधत नसे. ज्ञानेश्वर माऊलींनीं शरदाच्या चंद्रकिरणांतले कोंवळे कण टिपणाऱ्या चकोराच्या पिलांची उपमा दिली आहे. ती सांगावयास त्याहून चांगली वेळ कोणती?

आणि दिवाळीच्या सुटींत वाचावयास काय द्यावें ही चिंता मराठी माणसाला पडूं नये. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून आपल्याकडे शरद हा वाचनाचाच ऋतु झाला आहे. मुलांकरितां १९७१ पासून बालभारतीचें 'किशोर' निघतें. त्याचे जुने अंक आम्हीं रद्दीच्या दुकानांतून जमवून एका पेटींत ठेविले होते. सुटीला जातांना प्रत्येकानें एक न्यावा आणि परत देतांना त्यांतली एक गोष्ट सांगावी, एवढाच नियम. आमच्या निवृत्तीच्या सुमारास, २०१५ पासून, १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून शाळांतून पाळूं लागले. तोहि शरदांतच पडतो, हें आम्हांस मोठें शुभ वाटलें.

परदेशच्या शरदाशीं आमचें भांडण नाहीं. तेथें दिवस लहान होऊं लागले कीं पानांतला हिरवा रंग नाहींसा होतो, आंत दडलेला पिंवळा दिसूं लागतो, कांहीं झाडांत तांबडा नव्यानें तयार होतो, आणि थंडीच्या आधीं झाड पानें टाकून मोकळें होतें. आपल्याकडे थंडीची भीति नाहीं, पाण्याची आहे. म्हणून साग, सांवर, पळस हीं झाडें पाऊस संपून जमीन वाळत गेल्यावर, शिशिराच्या सुमारास पानें टाकतात. दोन्हींकडे झाडाचा शहाणपणा एकच. वेळ मात्र निराळी. इंग्रज कवि कीट्स यानें १८१९ च्या सप्टेंबरांत विंचेस्टर येथें शरदावर कविता लिहिली. तींतहि पिकलेलीं फळें आणि कापणी झालेलीं शेतें आहेत, गळणारीं पानें नाहींत. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या दोन लोंब्यांशीं कीट्सचें जितकें जमलें असतें, तितकें आमच्या फळ्यावरच्या गणिताशीं जमलें नसतें.

तो विद्यार्थी पुढें मोठा पंडित झाला असें नाहीं. तो शेती करतो. त्या वर्षीं दिवाळीच्या सुटीआधीं त्यानें स्वतः लिहिलेलीं बारा वाक्यें हळव्या भातावर वर्गांत वाचून दाखविलीं, आणि वर्ष संपेपर्यंत दोनदां आमची चूकहि काढली. आतां दिवाळीच्या सुमारास केव्हां तरी नव्या भाताचे पोहे घेऊन तो येतो. त्या प्रसंगाचा विषय आम्हां दोघांत कधीं निघत नाहीं.

नातवाला आम्हीं इतकें सगळें सांगितलें नाहीं. एवढेंच म्हटलें, “हीं पानें आपल्याकडचीं नाहींत, पण बाहेर जाऊन आपलें काय पडलें आहे तें पाहून ये.” तो पारिजातकाचीं फुलें ओंजळभर घेऊन आला. नारिंगी देंठ पाहून म्हणाला, “आजोबा, रंग तोच आहे!” सूनबाईंनीं पाट दिला, आमच्या कुटुंबानें भोंडल्याचीं दोन गाणीं सांगितलीं, आणि त्यानें मराठींत, अक्षराला अक्षर जोडीत, आपल्या शरदाची सात शब्दांची यादी लिहिली. 'पारिजातक' लिहितांना पहिली वेलांटी चुकली. ती आम्हीं त्या दिवशीं दुरुस्त केली नाहीं.

शाळेची भिंत शाळेनें सजवावी. तिला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण घरांत आजी-आजोबा, काका-काकू, सुना आणि मुलें एका छपराखालीं असतां शरदाच्या संध्याकाळीं अर्धा तास एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें, इतकें तरी अवघड नसावें. वाचतां वाचतां एखादें मूल मध्येंच म्हणेल कीं आपल्याकडे असें नसतें. तेव्हां आमची एकच विनंती आहे: घंटा होण्यास किती मिनिटें उरलीं आहेत, तें पाहूं नये.