शस्त्र जमा

निवडणूक लागली की पनवेलच्या बाजूला आमच्या कामोठ्यात आधी फलक उतरतात, मग बंदुका. फलक उतरवायला पालिकेची गाडी फिरते, त्यामुळे ते सगळ्यांना दिसते. बंदूक मात्र कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जाते, मालक पावती घेऊन घरी येतो. पनवेल महापालिकेच्या 78 जागांसाठी 15 जानेवारी 2026 ला मतदान झाले. त्या धामधुमीत बंदुकांकडे कोण बघणार?

जमा कोणाची करायची हे छाननी समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, विशेषतः निवडणुकीच्या काळात, यांची नावे आधी घेतली जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2009 मध्ये सांगितले की सरसकट सगळ्यांची शस्त्रे गोळा करू नका, माणूस बघून ठरवा. निवडणुकीच्या निकालानंतर आठवडाभराने शस्त्र परत.

म्हणजे माणूस बघून, गुन्हा घडण्याआधी, परवान्याची बंदूक काढून घेणे आपल्याला नवे नाही. फक्त ते मतपेटीच्या काळजीने होते.

*

खाली सिंधुदुर्गात यावरून दर निवडणुकीला कुरकुर होते. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ठाण्यात, आणि बागेत माकडे. रानडुक्कर आचारसंहिता पाळत नाही. तक्रार खरी आहे.

*

अमेरिकेत ज्याला रेड फ्लॅग कायदा म्हणतात त्याचा गाभा एवढाच: एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गोळी घालील अशी भीती घरच्यांना किंवा पोलिसांना वाटली, तर त्यांनी न्यायाधीशाकडे जावे. न्यायाधीशाला पटले तर त्या माणसाची शस्त्रे काही काळापुरती काढून घ्यायची. गुन्हा सिद्ध झालेला असण्याची गरज नाही. पहिला कायदा कनेक्टिकटचा, 1999 चा. फ्लोरिडाने 2018 मध्ये केला, पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, आणि त्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नरने. टेनेसीत 2023 मध्ये शाळेत गोळीबार झाला, गव्हर्नरने खास अधिवेशन बोलावले, आमदार जमले आणि असा कायदा न करताच पांगले.

मिशिगनची गोष्ट आपल्याला जरा जवळची. तिथल्या विद्यापीठात 13 फेब्रुवारी 2023 ला गोळीबार झाला. एप्रिलमध्ये खालच्या सभागृहात विधेयक 56 विरुद्ध 51 असे निघाले. डेमोक्रॅट पक्षाचे आमदार बरोबर 56 होते. एक जण चहाला गेला असता तर पंचाईत होती. याच सभागृहात 2022 अखेरपर्यंत आपले बेळगावचे श्री ठाणेदार बसत होते. जानेवारी 2023 मध्ये ते वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेले, त्यामुळे हे मत त्यांच्या नावावर नाही. पण ज्यांच्या नावावर आहे त्यांची यादी आजही कुणालाही काढता येते. कोण बाजूने, कोण विरुद्ध, कोण गैरहजर. पुढच्या निवडणुकीत विरोधक तीच यादी तोंडावर मारतात.

या कायद्याच्या विरोधकांचे म्हणणे अगदीच फेकून देण्यासारखे नाही. समोरच्याचे न ऐकता पहिला हुकूम निघू शकतो. बायकोशी भांडण झाले, शेजाऱ्याशी वाजले की अर्ज. त्यावर मिशिगनने खोटा अर्ज करणाऱ्याला शिक्षा ठेवली. तरीही काही शेरीफांनी आपण हा कायदा राबवणार नाही असे जाहीर सांगितले. आपल्याकडचा फौजदार असे बोलून दाखवत नाही.

*

आता घरचे. शस्त्र अधिनियम, 1959, कलम 22. जिल्हादंडाधिकाऱ्याला वाटले की अमुक माणसाच्या हाती शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे, तर त्याने कारणे नोंदवून त्या घराची झडती घ्यावी आणि शस्त्र जप्त करावे. त्या माणसाकडे परवाना असला तरीही. कलम 17 ने परवानाच स्थगित किंवा रद्द करता येतो. मालक कोणत्याही कारणाने अपात्र वाटला तरी चालते.

मी हे दोनदा वाचले. अमेरिकेतली विधिमंडळे ज्यावर एकेका मताने झुंजतात ते आपल्याकडे सहा दशकांहून अधिक काळ छापून पडले आहे. फरक दोन. तिथे निर्णय न्यायाधीशाचा, इथे अधिकाऱ्याचा. आणि तिथे बऱ्याच राज्यांत आईला, बायकोला अर्ज करायला दार आहे. आपल्या कलमात दार एकच, साहेबाच्या केबिनचे. घाबरलेल्या माणसाने तिथे जाऊन काय म्हणायचे, कोणत्या कागदावर, किती दिवसांत उत्तर मिळणार, याबद्दल कलम गप्प.

*

डिसेंबर 1948. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती आणली. त्यांच्या बाजूला मोठा दाखला होता: काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात हा हक्क, नियमांच्या अधीन का होईना, लिहिलेला होता. 1878 चा इंग्रजांचा शस्त्र कायदा हा अपमान आहे असे एक अख्खी पिढी म्हणत आली होती. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली. असा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागू शकतील, असा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पडली.

तिथेच अमेरिकेची वाट आणि आपली वाट वेगळी झाली. तिथे बंदूक हक्क आहे, म्हणून ती काढून घ्यायला न्यायालय लागते. आपल्याकडे ती सरकारची मेहेरबानी. मेहेरबानी मागे घ्यायला एक सही पुरते. पण ती द्यायलाही एकच सही पुरते, आणि घोळ सगळा तिथे होतो.

*

2019 ची शस्त्र दुरुस्ती. एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, मूळ विधेयकात त्या एकवर आणायच्या होत्या. वडिलोपार्जित शस्त्रांचे काय, अशी ओरड झाली आणि आकडा दोनवर थांबला. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांची पाच झाली, म्हणजे पुन्हा तपासणीची वेळ आणखी लांबली. 9 डिसेंबरला लोकसभा, 10 ला राज्यसभा. दोन्हीकडे आवाजी मतदान. रायगडच्या, मावळच्या खासदाराने काय केले असे कामोठ्यातल्या मतदाराने विचारले तर सांगायला कागदच नाही. ‘हो’चा आवाज मोठा होता, एवढेच.

*

2 फेब्रुवारी 2024, उल्हासनगर, हिललाइन पोलीस ठाणे. वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याची घटना. गोळ्या झाडल्या हे आमदारांनी स्वतःच एका वाहिनीला फोनवर सांगितले. मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून स्वसंरक्षणासाठी, असे त्यांचे म्हणणे. दोषी की निर्दोष ते न्यायालय बघेल. जमिनीचा वाद जुना, दोघांचे वैर गावभर माहीत, दोघे ठाण्यात समोरासमोर. लाल झेंडा कुणी दाखवायची गरज होती का?

पुढचा भाग आमच्या बाजूचा. आमदार तळोजा कारागृहात होते, इथून जवळच. 12 जुलै 2024 ला विधान परिषदेच्या 11 जागांची निवडणूक झाली, तेव्हा न्यायालयाच्या परवानगीने त्यांना विधानभवनात नेले आणि त्यांनी मत दिले. काँग्रेसने आक्षेप घेतला, तो टिकला नाही. दोन वर्षांपूर्वी, जून 2022 मध्ये, कोठडीतल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिकांना मात्र उच्च न्यायालयाने मतदानाला सोडले नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये कल्याण पूर्वेतून आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड निवडून आल्या.

*

उल्हासनगरच्या गोळीबारानंतर आठवड्याच्या आत, 8 फेब्रुवारी 2024 ला, बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारले. मारणाऱ्याने नंतर स्वतःवर गोळी झाडली. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे. परवाना एकाचा, राग दुसऱ्याचा. छाननी समिती इथे कोणाचे डोके तपासणार? 2016 च्या नियमांनी परवाना मागताना मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लावायला सांगितले आहे, पण ते मागणाऱ्याचे.

*

सरकारी बंदुकीला तर परवानाही नको. 31 जुलै 2023, जयपूर-मुंबई एक्स्प्रेस. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपल्या वरिष्ठाला, टीकाराम मीणांना, आणि मग डब्याडब्यांतून जाऊन तीन मुस्लिम प्रवाशांना मारले. त्याआधी त्याने बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या, असे म्हटल्याचे सहकाऱ्याने जबाबात सांगितले. ड्यूटी संपेपर्यंत थांब, असे उत्तर मिळाले. याला निव्वळ आजार म्हणून सोडून देणे मला पटत नाही. कोणाला मारायचे ते त्याने निवडले. पण रायफल त्याच्या हातात का राहिली, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

*

पुणे, 2025. गुंड निलेश घायवळ याच्या भावाचा शस्त्र परवान्याचा अर्ज पुणे पोलिसांनी फेटाळला. अपील गृहराज्यमंत्री योगेश कदम यांच्याकडे गेले, त्यांनी जूनमध्ये मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये बोभाटा झाल्यावर मंत्र्यांचे उत्तर: एकही खटला प्रलंबित नव्हता, न्यायालयाने निर्दोष सोडले होते. पोलिसांनी परवाना शेवटी दिलाच नाही.

मंत्र्यांचा युक्तिवाद कागदावर चुकीचा नाही, आणि हीच पंचाईत. शिक्षा झाली आहे का, हा प्रश्न गुन्ह्यानंतरचा. परवान्याच्या टेबलावर पुढचा प्रश्न विचारायचा असतो. तो पोलिसांनी विचारला होता.

*

बीड. डिसेंबर 2024 मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने आहेत हे महाराष्ट्राला कळले. मग रद्द करण्याची मोहीम निघाली. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ त्याआधीही फिरत होतेच.

*

कामोठ्यात उघड्यावर बंदूक दिसते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. घरातली दिसत नाही.

घरातल्या बंदुकीविषयी एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारले. पनवेलला कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज त्या चालवतात. त्यांनी मला माहीत नसलेला एक धागा दिला: कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचे 2006 चे नियम. न्यायदंडाधिकाऱ्याने सांगितले तर हिंसाचारात वापरलेले शस्त्र संरक्षण अधिकाऱ्याने, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेऊन, जप्त करायचे आहे. म्हणजे बायकोने मागायचे आणि न्यायालयाने द्यायचे, हे दार थोडेसे का होईना, उघडे आहे.

‘मग तुमच्याकडे किती अर्जांत बंदूक असते?’

‘अर्जात नसते,’ त्या म्हणाल्या. ‘बोलताना असते. कपाटावर ठेवलेली, दारू प्यायला की खाली काढतो ती. लिहू का म्हटलं की बाई म्हणते, नको मॅडम, परवाना त्यांच्या नावावर आहे, पोलीस घेऊन गेले की रात्री ते घरीच येणार. मी पोटगी आणि राहण्याचा हक्क लिहिते.’