पंजीची स्प्रिंग घेताना

जिवतीच्या पहाडावर ट्रॅक्टरनं पंजी मारायची म्हणजे फाळाला दगड लागणारच. आमच्या नऊ दात्यांच्या पंजीला अठरा स्प्रिंगा, एका दात्यामागं दोन. दगड लागला की दाता मागं झुकतो, दगड ओलांडला की स्प्रिंग त्याला जागेवर ओढते. ही ओढ गेली तं दाता वरच्यावर चालतो, तेवढा पट्टा कडक राहतो अन् पेरताना बी तिथं नीट पडत नाही.

यंदा रोहिणीत एका दात्याची जोडी बदलायची होती. दुकानदार म्हणाला, "ही घ्या, लई कडक आहे." पण नुसतं कडक काय कामाचं? फार कडक पोलाद काचेवानी तडकतं. मऊ असलं तं तुटत नाही, पण लांबलेलं परत मिटत नाही. म्हणून ट्रकच्या पाट्याच्या जातीचं, कार्बन अन् सिलिकॉन किंवा मँगनीजवालं पोलाद लागतं. ते लाल तापवून तेलात विझवतात, मग मध्यम आचेवर पुन्हा तापवून थोडा कडकपणा उतरवतात. तपासणीच्या यंत्रात हिऱ्याचं टोक 150 किलोच्या भारानं दाबतात, किती रुतलं त्यावरून आकडा निघतो. रॉकवेल सी म्हणतात त्याला. स्प्रिंगचा आकडा 40 ते 50 च्या घरात, कानशीचा 60 च्या वर.

आपल्याकडं यंत्र कुठलं, कानस आहे. चांगल्या स्प्रिंगवर ती जोर लावल्यावरच लागते. साध्या सळईवानी भुगा पडला तं स्प्रिंग परत ठेवा. घासायचं ते आकड्याच्या अगदी टोकावर. वेढ्यावर चरा पडला तं पुढं तिथूनच तुटते.

अन् एक गोष्ट लई जणांच्या ध्यानात येत नाही. कडकपणानं ओढ वाढत नाही. ओढ ठरते तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या घेरावर अन् वेढे किती त्यावर. 10 मिलिमीटरच्या जागी 9 ची तार आली, बाकी माप तेच, तरी ओढ तिसरा हिस्सा कमी होते. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मी व्हर्नियर काढला तं दुकानदार हसला. तिसऱ्या डब्यातली जोडी जुळली.

तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग मात्र मारू नका, तेवढ्या जागेचं पाणी उतरतं.

नवी जोडी चौथ्या दात्याला बसवली आहे. बसवण्याआधी लांबी मोजून वहीत लिहिली. पाच एकर झालं की काढून पुन्हा मोजतो अन् इथं टाकतो.