अकरा कोनांचं नाणं

मालवण

चि. ओंकार,

नकाशाचं दोन रुपयांचं नाणं लाखाला जातं म्हणून तुला कुणीतरी फोनवर दाखवलं. त्याला आधी एक पैसाही पाठवू नकोस. जुनी नाणी विकून देतो म्हणत शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच बजावलंय.

ते नाणं उन्हात धरून सालाखाली बघ. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं. कोलकात्याचं बिनखुणेचं. 1998 च्या एखाद्यावर ‘ओ’च्या पोटात ‘एम’ दिसला, तर ते थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून आलंय.

मग चित्रं. 2002 ला तुकाराम महाराज, 2003 ला रेल्वेच्या दीडशे वर्षांसाठी कंदील घेतलेला हत्ती. माझं लाडकं मात्र 1999 चं, शिवछत्रपतींचं. त्यावर महाराजांना दाढी आहे. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातल्या मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर टोपी कोळ्याची वाटावी अशी. आणि महाराजांच्या स्वतःच्या नाण्यावर, शिवराईवर, चेहराच नाही! एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’, बस्स. तांब्यावर हाताने ठोकलेला छाप, त्यामुळे अक्षरं कधी काठाबाहेर पळालेली. प्रकार जमवायचेच तर शिवराईचे जमव. आयुष्य पुरणार नाही.

दोन रुपयांच्या या नाण्याला अकरा कोन कशासाठी, ते मासळीबाजारात कळायचं. बांगडे मोजताना हात ओले, खवले चिकटलेले, नजर गिऱ्हाइकावर. तरी बाई कनवटीतून नेमकं दोन रुपयांचंच काढायची. 2005 मध्ये सरकारने ते गोल आणि स्टीलचं केलं. रुपया की दोन रुपये ते हाताला कळेना, अंधांनी तर तक्रारीच केल्या. हा निर्णय कुणी आणि का घेतला असेल, देव जाणे. विसाच्या नाण्याला पुन्हा कोन दिले, या वेळी बारा, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचेही दोन प्रकार झालेत: धान्याच्या चित्राचं आणि 2022 चं स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं. पण बाजारात पुढे केलं की ऐकू येतं, “ह्या नको, नोट दी.”

तुकाराम महाराजांचं जास्तीचं मिळालं तर ठेव. बदल्यात हत्ती देईन.

तुझा,
मामा