मिखाएलर चौकातील तेरा वादक

व्हिएन्ना शहराच्या जुन्या भागात, ऑस्ट्रियाच्या सम्राटांच्या हॉफबुर्ग राजवाड्यासमोर मिखाएलर नावाचा चौक आहे. भुयारी रेल्वेच्या हेरेनगासे स्थानकावर उतरले की काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. चौकाच्या मध्यभागी उत्खननात सापडलेले रोमनकालीन भिंतींचे अवशेष उघडे ठेवलेले आहेत. एका बाजूस सेंट मायकेलचे जुने चर्च, तर दुसऱ्या बाजूस राजवाड्याचा भव्य हिरवा घुमट. घोडागाड्या ये-जा करीत असतात. प्रवासी घुमटाचे छायाचित्र घेतो आणि पुढे निघतो. त्या घुमटाखालच्या जागी एकेकाळी नाट्यगृह होते, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही.

राजवाड्याच्या आवारातील चेंडूच्या खेळाची एक इमारत १७४१ मध्ये नाट्यगृह म्हणून वापरात आली. तेच जुने बुर्गथिएटर. मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग १७८६ मध्ये येथेच झाला. १८८८ मध्ये ही वास्तू पाडली गेली आणि नाट्यगृह रिंगस्ट्रासे या हमरस्त्यावरील नव्या इमारतीत गेले. परंतु या जागेची एक आठवण संगीतिकांहून वेगळी आहे. ती २३ मार्च १७८४ च्या एका मैफलीची आहे.

तिचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील फुंकवाद्यांच्या वादकांची स्थिती पाहिली पाहिजे. सरदार-उमरावांच्या पदरी ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून वाजवणाऱ्यांचे लहान ताफे असत. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८२ मध्ये असा आठ जणांचा ताफा नेमला. अशा ताफ्यांचे नेहमीचे काम म्हणजे धनी भोजनास बसला की वाजवायचे. ताटांचा खणखणाट आणि पाहुण्यांच्या गप्पा यांतून जेवढे ऐकू येईल तेवढेच त्यांचे संगीत. ज्यांना पदरी ठेवणारा धनी नव्हता, ते रात्री अंगणाअंगणांत वाजवून बिदागी मिळवीत. १७८१ च्या ऑक्टोबरअखेरीस मोझार्टच्या नामदिनी रात्री अकरा वाजता असे सहा वादक त्याच्या अंगणात आले आणि त्यांनी त्याचीच रचना वाजवून त्याला चकित केले. याच वादकांनी त्यापूर्वी एका रात्रीत ती तीन ठिकाणी वाजवली होती आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना मोबदला मिळाला होता. ही माणसे गरीब आहेत, पण वाजवतात छान, अशा अर्थाचे मोझार्टने वडिलांना कळवले.

राजदरबारच्या ताफ्यात अंतोन आणि योहान श्टाडलर हे क्लॅरिनेट वाजवणारे दोघे भाऊ होते. थोरल्या अंतोनने स्वतःच्या लाभासाठी बुर्गथिएटरात मैफल जाहीर केली. अशा मैफलीत कलावंत स्वतःच यजमान असे. खर्च त्याच्या शिरावर आणि उत्पन्नही त्याचेच. दिवस ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे होते आणि हाच काळ शहरात मैफलींचा मानला जाई. मोझार्टची फुंकवाद्यांसाठीची एक अगदी वेगळ्या धाटणीची मोठी रचना सादर होईल, अशी जाहिरात त्या दिवशीच्या पत्रात आली. दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बॅसेट-हॉर्न, चार हॉर्न, दोन बसून आणि खर्जाला आधार देणारे एक मोठे तंतुवाद्य, असे तेरा वादक रंगमंचावर बसले. सात भागांच्या त्या रचनेतील चार भाग त्या दिवशी सादर झाले. ऐकणाऱ्या एका लेखकाने तेराही वाद्यांची नोंद करून ठेवली आणि प्रत्येक वाद्यावर एकेक उस्ताद बसला होता, असे लिहिले. पंगतीच्या कोपऱ्यातील माणसे त्या दिवशी लोकांच्या समोर बसली होती आणि लोक तिकीट काढून ऐकायला आले होते.

‘ग्रान पार्तिता’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजही जगभर वाजवली जाते. तिचा तिसरा, संथ भाग विशेष ऐकण्याजोगा आहे. खाली इतर वाद्यांची मंद लय चालू असते. तिच्यावर ओबोचा एकच स्वर दीर्घकाळ तरंगत राहतो आणि मग क्लॅरिनेट तो धागा हळुवारपणे आपल्याकडे घेते. कोणी कोणाला मागे सारत नाही. एकाचा श्वास संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो.

या मैफलीनंतर श्टाडलर आणि मोझार्ट यांचा स्नेह वाढत गेला. मोझार्टने त्याच्यासाठी १७८९ मध्ये क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना केली आणि १७९१ मध्ये क्लॅरिनेट कॉन्चेर्तो लिहिला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला मोझार्टचे निधन झाले. त्याच्या मालमत्तेची सरकारी यादी झाली, तेव्हा येणे रकमांत श्टाडलरकडील ५०० गुल्डेनची नोंद सापडली. कर्जाला लेखी वचनचिठ्ठी नव्हती आणि रक्कम बुडीत धरली गेली. घरावर ऋण असताना दिलेले हे उसने व्यवहाराच्या कसोटीवर चूकच ठरते. मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झ हिला त्याची झळ सोसावी लागली, हेही विसरता येत नाही. तथापि खातेवहीच्या त्याच पानावर दुसरी बाजू मांडली, तर तेथे क्लॅरिनेटसाठीच्या त्या दोन रचना येतात. श्टाडलरसारखा वादक समोर नसता, तर त्या लिहिल्या गेल्या असत्या का, हा प्रश्न उरतो. श्टाडलर १८१२ मध्ये व्हिएन्नातच वारला.

ओबो हे आपल्या सनईच्याच जातीचे वाद्य. दोहोंत दुहेरी पत्तीतून श्वास स्वर होऊन बाहेर पडतो. आपल्याकडील लग्नघरी पहाटेपासून सनई वाजते, मंगलकार्य तिच्यावाचून अपुरे वाटते. परंतु ती वाजवणारा बहुधा मांडवाच्या कोपऱ्यात असतो आणि त्याचे वादन स्वागत-सत्काराच्या गजबजीत विरून जाते. बिदागी ठरल्याप्रमाणे दिली जाते, त्यात कसूर होत नाही. ऐकणे मात्र राहून जाते.

मिखाएलर चौकात आता ते नाट्यगृह नाही. घुमटाखालून माणसे घाईने जातात, घोड्यांच्या टापा वाजतात. ज्याला २३ मार्चची ती मैफल ठाऊक आहे, तो तेथे क्षणभर थांबतो. घरी परतल्यावर पुढच्या मंगलकार्यात त्याने सनईवाल्यासमोर चार खुर्च्या मांडवून घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांना दहा मिनिटे शांत बसवले, तरी व्हिएन्नाची वारी कारणी लागेल.