अडीनडीचा खण

परवा भाषांतरासाठी माझ्या टेबलावर एक लहानसा लेख आला. वर्गशिक्षकाने हाताशी ठेवावयाच्या नित्योपयोगी वस्तूंची ती यादी होती. खडू, कात्री, डिंक, सुई-दोरा, जखमेवरची पट्टी, साबण. त्यात अवघड असे काहीच नव्हते. तरी एका शब्दापाशी माझी लेखणी थांबली. या वस्तू ठेवावयाच्या कशासाठी? कोशाप्रमाणे ‘आणीबाणीसाठी’ हे बरोबर होते. परंतु तुटलेल्या गुंडीला आपल्याकडे कोणी आणीबाणी म्हणत नाही. शेवटी मी ‘अडीनडीसाठी’ असे लिहिले, आणि लिहिताक्षणीच आईच्या टेबलाचा डावा खण डोळ्यांपुढे उभा राहिला.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मी तिच्याच वर्गात तिसरीत होते. शाळेत तिला ‘बाई’च म्हणावयाचे, अशी घरची ताकीद होती. टेबलाच्या उजव्या खणात हजेरीपट असे. डावा खण अडीनडीचा. त्यात पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, सुई-दोरा, निरनिराळ्या गुंड्या, सेफ्टी पिना आणि धुतलेल्या जुन्या पातळाच्या घड्या असत. कोणीही यावे, मागावे, घेऊन जावे. ‘का हवे?’ असे आई कधी विचारीत नसे.

त्या वर्षी मामाने मला बारा रंगीत पेन्सिलींची पेटी दिली. आठ दिवसांतच तिच्यातील चार पेन्सिली त्या खणात गेल्या आणि लाल पेन्सिल मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात मला दिसली. घरी मी आकांत केला. आई एवढेच म्हणाली, “तुझी हरवली तर तुला दुसरी मिळते. तिची हरवली तर ती उद्या शाळेत येत नाही.”

मला ते पटले नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी खणातील सगळ्या पेन्सिली, साध्यासुद्धा, काढून दप्तराच्या तळाशी लपविल्या. दुसऱ्या दिवशी आई बैठकीसाठी परगावी गेली आणि शेजारच्या वर्गाच्या गुरुजींनी आमचे शुद्धलेखन घेतले. ती मुलगी नेहमीप्रमाणे उठून टेबलापाशी गेली. गुरुजींनी खण उघडला. आत पेन्सिल नव्हती. विसरभोळेपणाबद्दल तिला तासभर दाराबाहेर उभे राहावे लागले. दप्तर मांडीशी घट्ट धरून मी शुद्धलेखन लिहीत राहिले.

ती पुढे चार दिवस आली नाही. दुसऱ्याच दिवशी मी पेन्सिली परत ठेविल्या. परंतु त्याने ती परत आली नाही. पाचव्या दिवशी आई तिच्या घरी गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. आईने मला कधी काही विचारले नाही, आणि मीही कधी सांगितले नाही.

पुढे भाषांतराच्या निमित्ताने शिक्षणविषयक पुष्कळ मजकूर हाताखालून गेला. शाळेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य असावे, म्हणून १९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा योजना आखली. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने आणि माती मुलांच्या हाती दिली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला व २००२ पर्यंत चालला, त्याचीही भिस्त अशाच स्वस्त वस्तूंवर होती. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा लहानसा तुकडा घ्यावा आणि गुल खरवडून काढलेल्या आगकाड्या त्यात दोन्हीकडून खुपसाव्यात. अशा जोडण्यांनी चौकोन केला तर तो बोटाच्या दाबाने कलतो. त्रिकोण मात्र हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला मग निराळे सांगावे लागत नाही.

ज्या खणात हे सामान असेल, त्यातच साखर-मिठाच्या दोन पुड्याही असाव्यात. जुलाब होणाऱ्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण खणाच्या आतल्या बाजूस लिहून चिकटवावे. माप चुकता कामा नये. मोठ्या मुलींच्या वर्गात एका कागदी पिशवीत सॅनिटरी पॅड असावेत आणि ते कोठे आहेत, हे मुलींना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणाला तोंड उघडावे लागणार नाही.

यादी अशी कितीही वाढविता येईल. परंतु लेख छपाईला देताना मी शेवटी संपादकाच्या अधिकारात एक वाक्य घातले: ‘आपण रजेवर असतानाही खण भरलेला राहील, अशी व्यवस्था करावी.’ मूळ लेखात ते नव्हते. का घातले, हे कोणी विचारले नाही, आणि यावेळीही मी सांगितले नाही. ते आज येथे सांगितले.