मे महिन्यातला लाल तुकडा



मागच्या उन्हाळ्यात परतूरजवळ, दुधनेकडच्या एका शिवारात चार एकर रान बटईनं मिळत होतं. मालक बाहेरगावी राहतो. पुतण्यानं लॅपटॉपवर लँडसॅट उपग्रहाचं उष्णतेचं चित्र काढलं, मे महिन्यातलं. तो तुकडा लालभडक, शेजारच्या मुरमाड माळासारखाच. "काका, माळच हाय हा, सोडून द्या." मी पण बघायला गेलो नाही. सोडलं.

पोळ्याच्या सुमारास तिकडून गेलो तर कापूस कमरेला लागलेला! भारी काळं रान. उन्हाळ्यात नांगरून ढेकळं तापत ठेवली होती, एवढंच.

मग नीट समजून घेतलं. हा उपग्रह आपल्याकडं सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास येतो आणि जमिनीचा वरचा थर किती तापला तेवढंच मोजतो. पाणी हळू तापतं. हिरवं पीक पानातून पाणी सोडतं, म्हणून गार दिसतं. कोरडं उघडं रान तापतंच, मग मुरूम असो की काळी माती. त्याच चित्रात नाल्याकडंचा एक पट्टा गार होता. आम्हाला वाटलं कुणाची मोसंबी असंल. जाऊन बघितलं तर सगळी वेडी बाभळ!

दुसरी गोष्ट. उष्णता मोजायचा त्याचा एक चौकोन १०० मीटर बाय १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टर, आपले अडीच एकर. चित्रात बारीक ३० मीटरचे चौकोन दिसतात, पण ते नंतर पाडलेले असतात. म्हणजे चार एकराच्या तुकड्यात शेजाऱ्याचा माळ मिसळणारच.

आता आम्ही एका तारखेवर जात नाही. लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर आठ दिवसांनी चित्र मिळतं, तेही फुकट. ढग असले की मात्र काही उपयोग नाही. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी मोकळ्या रानाचं चित्र बघायचं. मुरूम लवकर वाळून तापतो, काळी ओल धरून गार राहते. जानेवारीचं चित्र हरभरा-ज्वारी कुठं उभी आहे ते सांगतं. सोबत हिरवळीचं साधं चित्रही ठेवायचं. आणि खोरं घेऊन रानात जायचं, हे पुतण्याला आता सांगावं लागत नाही.

यंदा मालकाला फोन केला. ज्यानं केलं त्यालाच तीन वर्षं बोलून दिलंय म्हणाला.